विनाचालक गाडीला पास कोण करणार?

सातपूरकर
रविवार, सकाळी ९:१०

मागच्या शनिवारी वडिलांना दवाखान्यातून आणताना नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो. उजवीकडे सिटीलिंकची बस, डावीकडे दोन रिक्षा आणि मधल्या फटीतून एक स्प्लेंडरवाला, मागे गॅसची टाकी आडवी. वडील निवृत्त आहेत, ३१ वर्षं कारखान्यात क्वालिटीला होते. शांतपणे म्हणाले, "तुमची ती बिनड्रायव्हरची गाडी इथून निघेल का?" मी म्हटलं, निघेलही. त्यावर पुढचा प्रश्न, "निघेल हे कशावरून लिहून देता? रिपोर्टवर सही कोणाची?"

सिग्नल सुटला, उत्तर राहिलं. म्हणून हा धागा.

सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात असतो, गाडीतल्या कंट्रोल युनिटच्या चाचणीत. गाडीला शिकवणारी मंडळी वेगळी, आम्ही तिची परीक्षा घेणारे. बातम्या सगळ्या शिकवणाऱ्यांच्या येतात, पण घोडं अडलंय ते परीक्षेपाशी.

गाडीचा मेंदू रस्त्यावर येण्याआधी काही खोल्यांमधून जातो. पहिल्या खोलीत सगळंच खोटं: संगणकातला रस्ता, संगणकातली गाडी, संगणकातला पाऊस. खरं फक्त सॉफ्टवेअर. दुसऱ्या खोलीत खरं कंट्रोल युनिट टेबलावर ठेवतात आणि आपण गाडीतच आहोत असं त्याला भासवतात. कॅमेऱ्याच्या जागी चित्रांचा प्रवाह, रडारला खोटे प्रतिध्वनी, कॅनच्या (गाडीतली युनिटं एकमेकांशी बोलतात ते जाळं) तारांवरून खोटा वेग. याला हार्डवेअर-इन-लूप म्हणतात, आम्ही नुसतं 'हिल'. जर्मनीतल्या पाडरबोर्नची डीस्पेस १९८८ पासून याच धंद्यात आहे. इथे आमची खरी मजा असते: चालत्या परीक्षेत वायर तोडायची, व्होल्टेज पाडायचं, कॅमेरा आंधळा करायचा आणि गाडी काय करते बघत बसायचं. त्यानंतर ट्रॅक. तिथे गाडी खरी, पण समोरची गाडी फोमची आणि रस्ता ओलांडणारं पोर म्हणजे सरकत्या पाटावरचा पुतळा. सगळ्यात शेवटी रस्ता, तोही आधी चालक बसवून.

या सगळ्याला मिळून आजकाल 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. नकाशे, नोंदी, सिम्युलेटर, चाचणीचे प्रसंग, निकाल, सगळं एका दोऱ्यात ओवलेलं. कुठली चाचणी सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीवर झाली आणि त्यावेळी नकाशा कुठला होता, हे तीन वर्षांनी विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. वडिलांच्या भाषेत, ट्रेसेबिलिटी.

लेव्हल वगैरे माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: सध्या आपल्याकडच्या गाड्यांत जे 'एडास' (चालकाला मदत करणारी यंत्रणा) मिळतं ते फार तर लेव्हल २, म्हणजे जबाबदारी चालकाचीच. मी बोलतोय ते लेव्हल ४ बद्दल. ठरावीक भागात गाडी एकटी, चालक नाहीच.


पंचवटीकर
रविवार, सकाळी ९:४२

आधी द्वारकेला माणसं धड चालवू देत, मग यंत्राचं बघू. (ह. घ्या.)

सिरियसली विचारतो. इतक्या खोल्या कशाला? गाडी रस्त्यावर सोडा, पाच-दहा लाख किलोमीटर फिरवा, अपघात झाला नाही तर पास. आमच्या टेम्पोची अशीच परीक्षा झाली.


आकडेमोड
रविवार, सकाळी १०:१५

पंचवटीकर, हा हिशोब आधीच झालेला आहे आणि तो घाम फोडणारा आहे. अमेरिकेतल्या रॅंड संस्थेने २०१६ मध्ये नेमकं हेच मोजलं. तिथे माणसं चालवतात तेव्हा दर १० कोटी मैलांमागे साधारण १.०९ मृत्यू होतात. म्हणजे एका मृत्यूमागे ९ कोटींहून जास्त मैल.

आता मी वर्गात शिकवतो तो 'तीनचा नियम'. एखादी गोष्ट 'n' इतक्या प्रयोगांत एकदाही घडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तिची शक्यता ३ भागिले 'n' पेक्षा कमी आहे. म्हणून ९ कोटींच्या तिप्पट, सुमारे २७.५ कोटी मैल एकही बळी न घेता चालवून दाखवावे लागतील. किलोमीटरमध्ये ४४ कोटी. १०० गाड्या, ताशी २५ मैल, रात्रंदिवस, ३६५ दिवस चालवल्या तर साडेबारा वर्षं. आणि एवढं करून सिद्ध काय होणार, तर गाडी माणसाहून वाईट नाही.

तुमचे पाच-दहा लाख किलोमीटर म्हणजे या हिशोबात चहा प्यायला निघाल्यासारखं आहे.


सातपूरकर
रविवार, सकाळी १०:३१

सर, दंडवत. यात एक मीठ चोळतो. त्या साडेबारा वर्षांत सॉफ्टवेअर दर काही आठवड्यांनी बदलणार. काटेकोर बोलायचं तर प्रत्येक बदलाला मीटर पुन्हा शून्यावर.

म्हणून किलोमीटर मोजणं मागे पडलं आणि प्रसंग मोजणं आलं. सरळ हायवेवरचे हजार किलोमीटर काही शिकवत नाहीत, शाळा सुटल्यावरचं एक चौक-वळण शिकवतं. वेमोने (गुगलचा २००९ चा प्रकल्प, २०१६ पासून वेगळी कंपनी) कॅलिफोर्नियातल्या ॲटवॉटरला जुन्या हवाई तळावर खोटं शहर उभं केलं आणि संगणकात अब्जावधी मैल चालवले. रस्त्यावर एकदा आलेला प्रसंग ते सिम्युलेटरमध्ये घेऊन त्याची शेकडो रूपं करतात. सायकलवाला अर्धा सेकंद आधी आला तर? उन्हाची तिरीप समोरून असती तर?


उनाड_पोर
रविवार, सकाळी ११:०५

काका, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज गंगापूर रोडला. आमचा प्रोजेक्ट कार्लावर आहे. माहीत नसणाऱ्यांसाठी: कार्ला हा २०१७ चा मुक्त सिम्युलेटर, गेम बनवायच्या अनरियल इंजिनवर बांधलेला, फुकट मिळतो. गाडीचा मेंदू म्हणून ऑटोवेअर बघतोय, तोही मुक्त, मूळ जपानच्या नागोया विद्यापीठातला.

अडचण अशी की कार्लातली तयार गावं उजव्या हाताच्या वाहतुकीची, आणि माणसं इतकी शहाणी की राग येतो. वाहनांनी सिग्नल किती टक्के मोडायचा तो आकडा टाकता येतो. मी १०० टाकला, म्हटलं झालं नाशिक तयार. नाही झालं. सगळ्यांनी शिस्तीत, आपापल्या लेनमधून सिग्नल मोडला.

रिक्षा मीच ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवली, दोन आठवडे गेले. आता त्या रिक्षाचं वागणं कसं लिहू?


सातपूरकर
रविवार, सकाळी ११:२०

काका नको रे, दादा चालेल.

रिक्षाचं रूप दोन आठवड्यांत झालं, वागण्याला दोन वर्षं लागतील. हाच धाग्याचा गाभा आहे. नाटकाचं उदाहरण घे. रस्त्याची मांडणी लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, ओपन-ड्राइव्ह. ते नेपथ्य. त्यावर कोण कुठून येतं, कधी वळतं, कधी थांबतं हे लिहायची पद्धत ओपन-सिनारिओ. ती संहिता. दोन्ही आता असॅम या संस्थेकडे आहेत, त्यामुळे एका सिम्युलेटरमधलं नाटक दुसऱ्यात लावता येतं.

संहिता लिहिताना 'रिक्षा डावीकडून घुसते' एवढ्यावर भागत नाही. किती वेगाने, किती अंतरावरून, किती तिरकी, आधी मान वळवून बघते की नाही. असे ५ घटक आणि प्रत्येकाच्या १० किमती धरल्या तर एका रिक्षाच्या एका घुसण्याचे १ लाख प्रसंग. सगळे चालवत बसायचे नसतात, जिथे गाडी जेमतेम वाचते ती कड शोधायची आणि तिथे बारीक खणायचं.


काळीपिवळी
रविवार, दुपारी १:४८

मी नाशिक-मुंबई गाडी चालवतो, बावीस वर्षं झाली. वाचत होतो, राहवलं नाही.

साहेब, द्वारकेला मी रस्ता बघत नाही, माणसाचा चेहरा बघतो. रिक्षावाला माझ्याकडे बघतोय म्हणजे तो थांबणार. मुद्दाम बघत नसला म्हणजे घुसणार. बाईकवाल्याचा पाय खाली टेकलाय की वर आहे, यावरून कळतं. मी गाडीचं नाक एक फूट पुढे काढतो, तो थांबला तर आणखी एक फूट. हे तुमच्या संहितेत कसं लिहिणार?

दुसरं. पेठ रोडला ट्रकच्या मागे असलो आणि त्याने उजवा इंडिकेटर दिला, तर त्याचे तीन अर्थ होतात. मी वळतोय. समोरून गाडी आहे, येऊ नको. किंवा रस्ता मोकळा आहे, जा पुढे. कुठला ते ट्रक बघून कळतं. तुमची गाडी काय समजेल?

आणि माझ्या पोटाचं काय, ते कोणी लिहिलंच नाही.


सातपूरकर
रविवार, दुपारी २:३०

दादा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ऑफिसात लावणार आहे. नाक एक फूट पुढे काढणं याला आमच्याकडे लांबलचक नाव आहे, पण करून दाखवणारं सॉफ्टवेअर दुर्मिळ. सिम्युलेटरमधली बाकीची वाहनं आपल्या गाडीच्या हालचालीला उत्तर देत नसतील, नुसती रेकॉर्ड केलेली वाट धरून चालत असतील, तर घासाघीस तपासताच येत नाही. जुनी नोंद परत चालवण्याची ही मोठीच मर्यादा. आपली गाडी वेगळी वागली की नोंदीतली रिक्षा तिच्यातून आरपार निघून जाते, भुतासारखी.

इंडिकेटरचं उत्तर माझ्याकडे नाही. सुरक्षित म्हणजे मागेच राहणं. मग ती गाडी पेठपर्यंत ट्रकचा धूर खात जाईल.

पोटाचा मुद्दा: चालकांच्या रोजगाराचं कारण देऊन गडकरींनी २०२३ मध्ये सांगितलंच आहे की विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. माझ्या हयातीत द्वारकेला तुमची जागा यंत्र घेईल असं मलाही वाटत नाही. खाणी, बंदरं, कारखान्यांची आवारं, तिथे आधी येईल.


पंचवटीकर
रविवार, दुपारी २:४४

येऊच देणार नसतील तर हा धागा कशाला? काड्या टाकत नाही, खरंच विचारतोय.


द्राक्षबाग
रविवार, दुपारी ४:०२

पंचवटीकर भाऊ, माझ्या भाच्याच्या नव्या गाडीत ते एडास आहे. लासलगावहून येताना पुढे कांद्याची ट्रॅक्टर-ट्रॉली. दोन ट्रॉल्या, मागे लाइट नाही, लाल फडकंही नाही. दिवसा गाडीने बरोबर ब्रेक मारला. तोच भाचा आठ दिवसांनी रात्री आला, तेव्हा गाडीला ट्रॉली दिसलीच नाही, ब्रेक यानेच मारला. कंपनीचं नाव घेत नाही. म्हणजे विनाचालक येवो न येवो, अर्धी अक्कल तर आलीच आहे ना रस्त्यावर? तिला निफाड तालुक्यातली ट्रॉली कोणी दाखवली होती का?


सातपूरकर
रविवार, दुपारी ४:२५

हेच. मी याहून नीट सांगू शकलो नसतो.

आता एक खरी घटना, कारण ट्रॉलीचं आणि तिचं दुखणं एकच आहे. १८ मार्च २०१८, ॲरिझोनातलं टेंपी शहर, रात्र. उबरची चाचणीतली गाडी ताशी सुमारे ७० किमीने चाललेली, चालकाच्या जागी देखरेखीला माणूस. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी 'दिसली'. त्या वेगाला म्हणजे शंभर मीटरच्या वर. थांबायला मुबलक.

मग काय झालं? यंत्राने आधी तिला वाहन म्हटलं, मग 'इतर काहीतरी', मग सायकल, परत इतर. आणि दर वेळी नाव बदललं की आधीचा माग पुसला जायचा, त्यामुळे ती कुठल्या दिशेने चालली आहे हा अंदाज नव्याने सुरू. झेब्रा सोडून माणूस मध्येच रस्ता ओलांडेल ही शक्यता रचनेत धरलेलीच नव्हती. मूळ गाडीचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवलेला. देखरेखवाली फोनकडे बघत होती. बाई गेली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या, एनटीएसबीच्या अहवालात हे सेकंदासेकंदाने आहे.

झेब्रावरून न ओलांडणारा माणूस! शालिमारला उभे राहा आणि झेब्रावरून ओलांडणारा शोधून दाखवा. प्रसंग-संग्रहात जे नाही ते गाडीच्या जगात नाही.


चौकोनवाली
रविवार, संध्याकाळी ६:१०

पहिल्यांदाच लिहितेय. मी गाडीला ओळखायला शिकवण्याचंच काम करते. नाशिकरोडला बसून परदेशातल्या रस्त्यांच्या चित्रांवर दिवसभर चौकोन काढते. हा ट्रक, ही गाडी, हा माणूस. लायडारच्या (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) ठिपक्यांभोवती तर खोकी बसवायची असतात, तिन्ही बाजूंनी. तिथल्या कचरापेट्यांचे रंग मला पाठ आहेत, आमच्या गल्लीतल्या घंटागाडीवर मात्र आजवर एकही चौकोन काढलेला नाही.

सातपूरकर दादांनी सांगितलं ते वाचून हात थांबला. आमच्या सूचनापत्रात एक ओळ आहे: सायकलवर बसलेला तो 'स्वार', सायकल हातात धरून चालणारा तो 'पादचारी', सायकल वेगळी. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, कशाला एवढा कीस? आता कळलं.

आपल्या रस्त्यांचं असं काही आहे का कुठे?


उनाड_पोर
रविवार, संध्याकाळी ६:२२

आहे ताई. आयआयटी नव्हे, हैदराबादची ट्रिपल-आयटी. इंटेलबरोबर त्यांनी 'इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट' केला, १०,००० चित्रं, ३४ प्रकार, हैदराबाद-बेंगळुरूच्या रस्त्यांवरची. त्यात ऑटोरिक्षाला स्वतंत्र कप्पा आहे, जनावरांना आहे, आणि जे वाहन कशातच बसत नाही त्यासाठीही एक कप्पा आहे. युरोपातल्या सिटीस्केप्स या अशाच चित्रसंग्रहात हे नव्हतं.


सातपूरकर
रविवार, संध्याकाळी ७:०५

बरोबर. शिवाय हैदराबादच्या आयआयटीत तिहान म्हणून चाचणीचं आवार २०२२ पासून आहे, इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा वेगाचा ट्रॅक आहे, पुण्याला एआरएआय १९६६ पासून. भोपाळच्या 'स्वायत्त रोबोट्स' या कंपनीने तर बोलेरोवर प्रयोग केले, म्हणजे गाडी आपल्याच सातपुरात बनणारी. जागा आहेत. प्रसंग गोळा करणारे हात कमी आहेत.

'नुसतं सगळं रेकॉर्ड करून ठेवा' असं कोणी म्हणायच्या आत हिशोब: एक साधा एचडी कॅमेरा, १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २ बाइट, सेकंदाला ३० चित्रं. झाले सुमारे १२४ एमबी दर सेकंदाला. ८ कॅमेरे म्हणजे जवळपास १ जीबी. तासाला साडेतीन टीबी, तेही लायडार-रडार सोडून. प्लॅटफॉर्मचं निम्मं काम हे ढिगातून कामाचे दहा सेकंद शोधण्याचं असतं. 'पावसात, रात्री, डावीकडून दुचाकी आलेली सगळी दृश्यं दे' असं विचारता आलं पाहिजे.

अवांतर, पण सांगतोच. एका प्रकल्पात (नाव नको) गाडी ट्रॅकवर ठीक चालायची, हिलवर पुतळ्याला धडकायची. तीन दिवस आम्ही ब्रेकचं गणित उकरत होतो. शेवटी निघालं काय, तर टेबलावरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ ८० मिलिसेकंद मागे. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, ८० मिलिसेकंदांत सव्वादोन मीटर. पुतळा तिथे नव्हताच जिथे तिला वाटत होता. परीक्षेची खोलीच चुकीची असेल तर पेपर तपासून काय उपयोग? तेव्हापासून मी आधी घड्याळं जुळवतो, मग चहा.


कुसुम_देवळाली
रविवार, रात्री ८:१५

सुंदर धागा. एक नाशिकी भर: एमआयटीचे रमेश रास्कर आपले नाशिकचे. सेकंदाला लाख कोटी चित्रं टिपण्याचं त्यांच्या गटाचं तंत्र २०११ मध्ये गाजलं, आणि पुढे प्रकाशकणांना परतायला लागलेल्या वेळेवरून कोपऱ्यापलीकडचं बघून दाखवलं. भद्रकालीच्या बोळांत वाढलेल्या गावाला कोपऱ्यापलीकडे बघायची गरज कोणी शिकवायला नको.

घाटाकडच्या पावसाचं काय? इगतपुरीला माझीच वाट चुकते.


सातपूरकर
रविवार, रात्री ८:४०

इगतपुरी हे दोन परीक्षांचं एकच केंद्र आहे. पावसात लायडारचा किरण थेंबांवरूनच परत येतो, गाडीला समोर भिंत वाटू शकते. ७७ गिगाहर्ट्झचं रडार त्यातून बरंच पार जातं, पण त्याला आकार कळत नाही. आणि समृद्धीचा तिथला बोगदा जवळपास ८ किमीचा. आत जीपीएस नाही. चाकांच्या फेऱ्या मोजत जायचं आणि त्यात समजा १ टक्का चूक असली, तर बाहेर पडताना गाडी स्वतःला ८० मीटर भलतीकडे समजते. भिंतींवरच्या खुणा नकाशाशी जुळवून ती चूक मारावी लागते.

वडिलांच्या सहीचा प्रश्न. एका सहीवर भागत नाही. सुटे भाग बिघडले तर काय, याला आयएसओ २६२६२ हे मानक आहे, २०११ पासून. काहीही न बिघडता गाडी नुसतीच चुकीचं समजली तर काय (ट्रॉली!), याला २१४४८, पूर्ण मानक २०२२ चं. आणि यूएल ४६०० हे तिसरं मानक म्हणतं की बनवणाऱ्याने वकिलासारखी बाजू मांडायची: आमची गाडी सुरक्षित आहे, हे दावे, हे पुरावे, आणि इथे इथे पुरावा कच्चा आहे. वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "कच्चा आहे असं लिहून देणारा सप्लायर मी तरी पाहिला नाही."


उनाड_पोर
सोमवार, सकाळी ७:५०

दादा, ठरलं. प्रोजेक्टचा विषय बदलतोय. निवृत्तिनाथांच्या यात्रेला, पौष वद्य एकादशीच्या आधी, त्र्यंबक रोडला दिंड्या चालतात. पहाटेचा अंधार, रस्त्याच्या कडेने माणसं, शेजारून एसटी आणि गाड्या. त्याचे प्रसंग लिहितो. बाबांच्या गाडीला दोन कॅमेरे लावले तर चालतील का?


सातपूरकर
सोमवार, सकाळी ८:१२

चालतील, फक्त दोन्हींची घड्याळं एका जीपीएसवरून जुळव. चेहरे आणि नंबरप्लेट आधी धूसर कर, मगच कोणाला दे. वेग २० च्या वर नको. आणि गाडी बाबा चालवतील, तू नाही.


चौकोनवाली
सोमवार, दुपारी १:३०

चौकोन मी काढून देईन, रविवारी. पण एक सांगा, दिंडी म्हणजे काय काढायचं? ६० माणसांचे ६० चौकोन, की सगळ्यांचा मिळून एक? आमच्याकडे गर्दी वेगळी करता येत नसेल तर 'समूह' असा एकच आकार काढतात. पण यांच्यातून गाडी घालायला जागा आहे असं यंत्राला वाटायला नको ना.


द्राक्षबाग
सोमवार, दुपारी ३:१५

ताई, माझी आई चाळीस वर्षं दिंडीत जाते, तिला विचारून लिहितो. दिंडी एकच असते. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंगी, मध्ये विणेकरी, मागे तुळशीवाल्या. दोन माणसांत दहा फुटांची फट पडली तरी ती फट दिंडीचीच, मधून कोणी जात नाही. विणेकरी थांबला की सगळे थांबतात. आणि शेपटाला एखादी म्हातारी मागे राहते, ती पळत येऊन गाठते, तेव्हा ती रस्ता बघत नाही.


सातपूरकर
सोमवार, दुपारी ३:४०

एक मोठा आकार काढा, आत प्रत्येक माणूस वेगळा, आणि आकाराला 'फट बंद' अशी खूण. म्हातारी हा स्वतंत्र प्रसंग. तिचा वेग, मागे राहिलेलं अंतर आणि ती कुठल्या बाजूने येते, हे तीन घटक. आईंना विचारा, बहुधा कुठल्या बाजूने?


द्राक्षबाग
सोमवार, दुपारी ४:०५

विचारलं. म्हणाली, डांबरावरून. कडेला खडी टोचते.


चौकोनवाली
सोमवार, दुपारी ४:११

विणेकऱ्याला वेगळा रंग ठेवू का?


सातपूरकर
सोमवार, दुपारी ४:२०

ठेवा. चोपदारालाही.